नगरचा कलेक्टर, हाँगकाँगचा गव्हर्नर : हेन्री पॉटिंजर

आधी प्रश्न सांगतो. विचारणारे गृहस्थ नोकरीनिमित्त हाँगकाँगला राहतात, मूळचे नगर जिल्ह्यातले. तिथे सेंट्रल भागात दगडी फरशांचा एक चढ आहे, त्याचं नाव पॉटिंजर स्ट्रीट. हाँगकाँगच्या पहिल्या गव्हर्नरच्या नावावरून ते पडलं. आणि नगरच्या जुन्या इतिहासात, पेशवाई बुडाल्यावर आलेल्या कंपनीच्या कलेक्टरचं नावही पॉटिंजरच. त्यांचं विचारणं असं : हे दोघे एकच का? तो आयरिश होता म्हणतात, मग स्वतःचा देश इंग्रजांच्या अमलाखाली असताना तो दुसऱ्यांवर राज्य करायला कसा निघाला? आणि त्याबद्दल त्याला कधी काही वाटलं का?

होय, दोघे एकच. हेन्री पॉटिंजर. बाकीच्या दोन प्रश्नांना एका ओळीत उत्तर देता येणार नाही. मी गेली अठ्ठावीस वर्षं उत्तर पेशवाईच्या आणि कंपनी अमलाच्या सुरुवातीच्या दप्तरांवर काम करतो, मोडी वाचतो, त्यामुळे हा माणूस माझ्या वाटेत अनेकदा आला. त्याच्याबद्दलचं माझं मत एका गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे भाषा. तो शिपाईगडी खरा, पण त्याचं सगळं आयुष्य बोलण्यावर, ऐकण्यावर आणि लिहून घेतलेल्या कलमांवर उभं राहिलं. आणि ते डळमळलं तेही भाषेवरच.

आयरिश या शब्दापासून सुरुवात करू. त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १७८९ चा, बेलफास्टजवळच्या माउंट पॉटिंजरचा. गावाच्या त्या भागाला घराण्याचंच नाव. सतराव्या शतकात या घराण्यातला एक जण बेलफास्टचा नगरप्रमुख होता. म्हणजे ही आयर्लंडमधली प्रॉटेस्टंट, जमीनदार मंडळी. आयर्लंडमधली बहुसंख्य जनता कॅथलिक, आणि त्यांना पार्लमेंटात बसायची मुभा १८२९ पर्यंत नव्हती. तेव्हा ‘आयरिश म्हणजे इंग्रजांच्या टाचेखालचा’ हे समीकरण या घराला लागू पडत नाही. हे घर टाचेखालचं नव्हतं, आणि अगदी वरचंही राहिलं नव्हतं. हेन्री पाचवा मुलगा. एवढ्या मुलांना पुरेल अशी इस्टेट उरली नव्हती, आणि अशा धाकट्या मुलांना दोनच वाटा मोकळ्या असत : समुद्र, नाहीतर कंपनीचं लष्कर.

तो नऊ वर्षांचा व्हायच्या आधी, १७९८ च्या उन्हाळ्यात, त्याच्याच गावाच्या आसपास उठाव झाला. युनायटेड आयरिशमन या संघटनेचा पुढारी हेन्री जॉय मॅक्रॅकन याला बेलफास्टच्या भर बाजारात फाशी दिलं. हा उठाव मोडून काढणाऱ्या सरकारात लॉर्ड कॅसलरे होता, आणि याच कॅसलरेच्या शिफारशीनं काही वर्षांनी पॉटिंजरला मुंबईच्या फौजेत कॅडेटची जागा मिळाली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. ज्या हातानं त्याच्या देशातलं बंड चिरडलं त्याच हातानं त्याला पोटापाण्याला लावलं.

आपल्याकडे अशी माणसं एकदोन नव्हेत. १८०२ अखेर दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह जमवणारा पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज हा आर्माचा. १८०३ च्या ऑगस्टात नगरचा किल्ला घेणारा आर्थर वेलस्ली आयर्लंडमध्येच जन्मलेला. पेशवाईच्या अखेरीची कागदपत्रं चाळताना स्कॉटिश आणि आयरिश नावं किती निघतात ते पाहिलं, की ‘इंग्रज आले’ हे आपलं सरधोपट वाक्य अपुरं वाटू लागतं.

पॉटिंजर १८०४ च्या सुमारास मुंबईत आला. वय पंधराच्या आत-बाहेर. इथे त्यानं देशी भाषा शिकायला घेतल्या आणि त्यांत इतकी गती मिळवली, की इतरांना शिकवायच्या कामी त्यालाच मदतनीस नेमलं. कॅडेट बरेच येत, पुष्कळसे तापानं जात, काही दारूनं. भाषा मनापासून शिकणारे थोडे. कंपनीला लढणारे मिळत होते, ऐकून समजणारे हवे होते.

त्याचा उपयोग लवकरच झाला. नेपोलियन इराणच्या वाटेनं हिंदुस्थानावर येईल ही भीती तेव्हा कलकत्त्यापासून लंडनपर्यंत पसरली होती. सिंधू नदी आणि इराण यांच्यामधल्या मुलखाचा कंपनीकडे धड नकाशाही नव्हता. कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम यानं तो मुलूख पाहायला दोघांना पाठवलं, कॅप्टन चार्ल्स क्रिस्टी आणि वीस वर्षांचा लेफ्टनंट पॉटिंजर. २ जानेवारी १८१० ला ते मुंबईहून गलबतानं निघाले. सोंग असं, की सुंदरजी नावाच्या कच्छी घोडेसौदागराची ही माणसं, घोडे खरेदीला चालली आहेत. सुंदरजी खराच मोठा सौदागर होता, मुंबई आणि मद्रास सरकारांना घोडे पुरवायचा, त्यामुळे ते नाव चालण्यासारखं होतं. बलुचिस्तानच्या किनाऱ्यावर सोनमियानीला उतरल्यावर दोघांनी डोकी भादरली, कपडे बदलले आणि बेला, कलात असा मार्ग धरला. मार्चमध्ये नुश्कीला दोघे वेगळे झाले, क्रिस्टी उत्तरेला हेरातकडे, पॉटिंजर पश्चिमेला वाळवंटात.

या प्रवासाचं त्यानं लिहिलेलं पुस्तक १८१६ मध्ये छापून आलं. त्यातलं वाळूचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. वाळू तांबडी, आणि इतकी बारीक की हातात घेतली तर बोटांना कण जाणवत नाही. लाटांसारख्या टेकड्या. वाऱ्याकडची बाजू उतरती, पलीकडची सरळसोट, लांबून विटांची नवी भिंत बांधल्यासारखी. उंटांना चढणीच्या बाजूनं कसंबसं वर न्यायचं, माथा आला की उंट गुडघे टेकून वाळूबरोबरच खाली घसरायचे, मग पुढची लाट. पाणी मोजकं. उन्हात दूरवर पाणी दिसायचं, ज्याला आपण मृगजळ म्हणतो. भूक, थकवा, थंडी, ऊन हे माणूस सोसतो, तहानेनं घसा सुकल्यावर मात्र धीर टिकत नाही, असं त्यानं लिहिलंय.

पुढे घोड्यांचं सोंग चालेना, तेव्हा तो पीरजादा झाला. यात्रेला निघालेला धर्मपुरुष. म्हणजे लोक त्याच्याशी धर्मचर्चा करणार, नमाज कसा पढतो ते पाहणार. एका गावात दहाबारा वर्षांचा एक पोरगा त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, की पीर आहे असं सांगितलं नसतं तर हा गेल्या वर्षी बंपूरला आलेल्या ग्रँट फिरंग्याचा भाऊच आहे असं मी म्हटलं असतं. आदल्याच साली ग्रँट नावाचा एक अधिकारी त्या बाजूला खरोखरच येऊन गेला होता. मोठी माणसं फसली, पोराची नजर फसली नाही. पॉटिंजर चेहरा सावरून बसला, बोलणं दुसरीकडे वळलं आणि जीव वाचला.

केरमान, शिराझ करत तो इस्फहानला पोचला. ३० जूनच्या संध्याकाळी अंधार पडता पडता क्रिस्टीही तिथेच आला. दोघांची भेट झाली, बोलणंही सुरू झालं, पण तीन महिन्यांच्या उन्हानं आणि त्या वेषानं दोघे इतके पालटले होते, की थोडा वेळ एकमेकांना ओळखलंच नाही. क्रिस्टी दोन वर्षांनी अस्लानदूझच्या लढाईत इराणच्या बाजूनं लढताना रशियनांच्या हातून मारला गेला.

हा प्रवास धाडसाचा होता, आणि मला त्या वीस वर्षांच्या पोराच्या हिमतीचं कौतुक वाटतं. पण ज्यांनी त्याला भाकरी दिली, रात्री निवारा दिला, पीर समजून दुआ मागितली, त्यांच्याच विहिरी, वाटा आणि घोडेस्वार तो मनातल्या मनात मोजत होता. ही मोजणी पुढे कंपनीच्या दप्तरात गेली. एकाच माणसाच्या एकाच कृत्यात या दोन्ही गोष्टी होत्या आणि त्या तशाच एकत्र पाहायला हव्यात.

आता तुमचं नगर. १८१७-१८ च्या लढाईत पॉटिंजर एल्फिन्स्टनच्या हाताखाली होता. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला आणि जिंकलेला मुलूख त्यानं आपल्या विश्वासातल्या तरुणांत वाटून दिला : पुण्याला रॉबर्टसन, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्याला ग्रँट डफ, नगरला पॉटिंजर. तेव्हाचा नगर जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा, नाशिककडचा मुलूखही त्यात. पॉटिंजरचं वय तिशीच्या आत.

एल्फिन्स्टनची रीत अशी, की आधी विचारा, मग बदला, आणि शक्यतो बदलूच नका. त्याचा १८१९ चा अहवाल जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या माहितीवर उभा आहे. गावचा पाटील काय करतो, कुळकर्ण्याकडे कुठले कागद असतात, बलुत्याचा हक्क किती, पंचायत कशी बसते, वतनाचा तंटा कोण तोडतं, असली ती माहिती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांचे मक्ते दिले जात. जो जास्त बोली लावेल त्याला महाल, मग तो रयतेकडून वसूल करो कसाही. ती पद्धत बंद करून पगारी मामलेदार नेमणं हे या नव्या कलेक्टरांचं पहिलं काम होतं. रयतेला त्याचा दिलासा मिळाला हे नाकारता येत नाही. पण आकारणी रोख आणि ठरलेल्या हप्त्यांनी होऊ लागल्यावर दुष्काळात सोसायची जुनी लवचीकता हळूहळू गेली, हेही तितकंच खरं.

इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण या काळावर काम करू पाहणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गावच्या वसुलीचं इंग्रजी टिपण वाचून लेख लिहिला. टिपणात पाटलानं हप्ता द्यायला नकार दिल्याचं नमूद होतं. मी त्यावरून गावच्या बंडखोर बाण्याबद्दल दोन परिच्छेद रचले. सहा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी दप्तराचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, सोडला, आणि त्यात त्याच पाटलाची मोडीतली अर्जी निघाली. कागद पिवळा, कडेला कसर लागलेली, मजकूर सतरा ओळींचा. बैल मेले आहेत, तगाई मिळावी, सुगी झाल्यावर हप्ता भरतो, एवढंच त्याचं म्हणणं. नकार कुठेच नव्हता. कारकुनानं भाषांतर करताना सगळं एका क्रियापदात कोंबलं होतं. तेव्हापासून इंग्रजी कागदाची मोडीशी रुजवात घातल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. पॉटिंजरचं चीनमधलं प्रकरण मला नीट कळलं ते या पाटलामुळे. त्यावर येतोच.

१८२५ मध्ये तो कच्छचा रेसिडेंट म्हणून भूजला गेला. तिथला राजा राव देसलजी अल्पवयीन असल्यानं कारभार रीजन्सीकडे, म्हणजे राजाच्या वतीनं काम पाहणाऱ्या मंडळाकडे होता, तो त्यानं सांभाळला. मग सिंध. सिंधू नदी व्यापाराला खुली व्हावी ही कंपनीची इच्छा, आणि तिथे राज्य करणाऱ्या तालपूर मीरांना ही माणसं नदीत यायलाच नको होती. १८३१ मध्ये अलेक्झांडर बर्न्स रणजितसिंगासाठी भेट म्हणून घोडे घेऊन सिंधूतून वर गेला, तेव्हा काठावरचा एक सय्यद म्हणाला, की इंग्रजांनी आमची नदी पाहिली, आता सिंध गेलं. १८३२ च्या एप्रिलमध्ये पॉटिंजरनं तह केले, ४ तारखेला खैरपूरच्या मीर रुस्तम खानाशी, मग सिंधमधल्या हैदराबादच्या मीर मुराद अलीशी. हैदराबादच्या तहात एक कलम असं आहे, की उभय पक्षांनी एकमेकांच्या मुलखाकडे लोभाच्या नजरेनं कधीही पाहायचं नाही. लष्करी सामान नदीतून न्यायचं नाही, लढाऊ गलबत आणायचं नाही, इंग्रजांनी सिंधमध्ये वस्ती करायची नाही, अशाही अटी होत्या. मीरांनी मागितलेल्या आणि पॉटिंजरनं मान्य केलेल्या. हे कलम लक्षात ठेवा.

सात वर्षांत त्या अटी मोडल्या. अफगाण मोहिमेची फौज सिंधमधूनच गेली आणि १८३९ च्या फेब्रुवारीत कराची तोफांनी घेतली. हे चालू असताना सिंधचा पोलिटिकल एजंट पॉटिंजरच होता, आणि मीरांकडून नव्या अटी वदवून घेणाराही तोच. १८४० मध्ये तो मायदेशी गेला, बॅरोनेट झाला. निवृत्त होईल असं वाटत होतं.

तेवढ्यात ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टननं त्याला चीनला पाठवलं. पार्श्वभूमी तुम्हाला तिथे राहून ठाऊक असेलच. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्यानं अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. माळव्यातली अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची, मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि मुंबईतल्या कित्येक मोठ्या इमारती, धर्मादाय इस्पितळं, शाळा यांमागच्या पैशाचा एक धागा त्या पेट्यांपर्यंत पोचतो. जमशेटजी जीजीभॉयांचं नाव यात पहिलं घ्यावं लागतं. आपण मुंबईचा इतिहास सांगताना हा धागा सोडून देतो, तो सोडू नये.

पॉटिंजर ऑगस्ट १८४१ मध्ये मकावला पोचला. त्याच्या आधीच्या चार्ल्स एलियटनं हाँगकाँग ताब्यात घेतलं होतं, पण पामर्स्टनच्या मते ते एक उजाड बेट होतं आणि त्यापायी एलियटची नोकरी गेली. पॉटिंजरबरोबर सेनापती होता ह्यू गफ, हाही आयरिश, लिमरिककडचा. दोन वर्षांनी महाराजपूरला ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी लढला तो हाच. चीनच्या किनाऱ्यावरची ठाणी एकेक करून पडली : अमॉय, चुसान, निंगपो, मग पुढच्या वर्षी शांघाय, आणि २१ जुलै १८४२ ला चेनक्यांग. त्या शहरातल्या मांचू शिबंदीच्या कुटुंबांनी शत्रूच्या हाती पडण्याआधी बायकामुलांसह आपला अंत करून घेतला. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्याच आठवणींत घराघरांतली ती दृश्यं आहेत. तहाच्या कलमांमागे काय होतं हे ती वाचल्यावर कळतं.

२९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगसमोर, एच.एम.एस. कॉर्नवॉलिस या जहाजावर तहावर सह्या झाल्या. हे जहाज मुंबई गोदीत बांधलेलं आहे. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं, सागवानी, १८१३ मध्ये पाण्यात सोडलेलं. चीनच्या शतकभराच्या मानहानीची सुरुवात म्हणून तिथल्या शाळांत जो तह शिकवतात, तो मुंबईच्या सुतारांनी तासलेल्या फळ्यांवर झाला. पाच बंदरं खुली, हाँगकाँग ब्रिटिशांना, आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर : ६० लाख जप्त अफूचे, ३० लाख कँटनच्या व्यापाऱ्यांच्या कर्जाचे, १ कोटी २० लाख लढाईच्या खर्चाचे. अफूची भरपाई तहात आहे, अफूचा व्यापार मात्र तहात नाही. पॉटिंजरनं तो कायदेशीर करून घ्यायचा प्रयत्न केला, चिनी बाजूनं मानलं नाही, आणि तस्करी पूर्वीसारखी चालू राहिली. हाँगकाँग ठेवून घेणं ही एकच गोष्ट आपण सुधारित हुकमाबाहेर जाऊन, जाणूनबुजून केली, असं त्यानंच वरिष्ठांना कळवलं होतं. तुम्ही आज ज्या शहरात राहता ते ब्रिटिशांकडे टिकलं ते बऱ्याच अंशी या एका माणसाच्या हट्टामुळे.

आता भाषेचा मुद्दा. बलुचिस्तानात, नगरला, सिंधमध्ये त्याला समोरच्याचं बोलणं थेट कळत होतं. चिनी त्याला येत नव्हती. सगळी भिस्त दुभाष्यांवर, त्यातही जॉन रॉबर्ट मॉरिसनवर. मॉरिसन १८४३ च्या ऑगस्टात तापानं गेला, तिशीही गाठली नव्हती. पॉटिंजरनं हे राष्ट्रावरचं संकट म्हटलं. त्यात अतिशयोक्ती नव्हती, हे सहा आठवड्यांत दिसलं. ऑक्टोबरमध्ये बोगचा पुरवणी तह झाला. त्याच्या तेराव्या कलमात, पाच बंदरांखेरीज इतर ठिकाणच्या चिनी लोकांना हाँगकाँगला जायचे परवाने मिळणार नाहीत, असं चिनी मसुद्यात होतं. इंग्रजी मसुद्यात ते वाक्य आलंच नाही. म्हणजे किनाऱ्यावरच्या देशी जहाजांचा व्यापार हाँगकाँगला तोडून टाकणारं कलम स्वतः हाँगकाँगच्या गव्हर्नरनं मान्य केलं होतं, आणि हे बाहेर आल्यावर व्यापाऱ्यांनी त्याच्यावर आग पाखडली. भाषेवर वर आलेला माणूस एका न वाचलेल्या ओळीवर अडखळला. मला माझा सतरा ओळींचा पाटील आठवतो तो इथे.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. चीनचा शाही प्रतिनिधी कीयिंग याच्याशी पॉटिंजरचा मोठा स्नेह जुळला. कीयिंग १८४३ च्या जूनमध्ये मान्यतापत्रांची अदलाबदल करायला हाँगकाँगला आला, मेजवान्या झाल्या, कुटुंबीयांच्या तसबिरी दिल्याघेतल्या, आणि कीयिंगनं पॉटिंजरच्या थोरल्या मुलाला दत्तक घ्यायची इच्छा सांगितली. पॉटिंजरला हे मनापासून भावलं. पण कीयिंगनं पुढच्या वर्षी बादशहाला जो अर्ज लिहिला त्यात सूर वेगळा आहे. या रानटी लोकांना कसं हाताळावं, ते जेवायला बोलावतात तेव्हा कसं वागावं, ते आपल्या बायकांना कसा मान देतात, तसबिरी देतात त्या का घ्याव्यात, हे सगळं त्यानं नमुन्यासारखं मांडलंय. चिनी कागदांत पॉटिंजर ‘पू-तिंग-चा’ म्हणून येतो, समजून घ्यायचा आणि गोंजारून सांभाळायचा एक प्राणी म्हणून. पीरजादा बनून बलुचांना वाचणारा माणूस इथे स्वतः वाचला जात होता आणि त्याला पत्ता नव्हता. १८५८ मध्ये हा अर्ज ब्रिटिशांच्या हाती लागला, तो म्हाताऱ्या कीयिंगसमोर वाचून दाखवला गेला, आणि त्याच वर्षी बादशहानं त्याला स्वतःचा जीव घ्यायचा हुकूम दिला. कीयिंग लबाड होता असं मला वाटत नाही. दोन धन्यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला दोन तऱ्हांनी लिहावं लागतं. आपल्या वकिलांच्या अखबारांतही हे पदोपदी दिसतं.

गव्हर्नर म्हणून हाँगकाँगला त्याची कारकीर्द जेमतेम वर्षभराची, २६ जून १८४३ पासून १८४४ च्या मेपर्यंत. कायदेमंडळ नेमलं, जमिनीच्या पट्ट्यांवरून व्यापाऱ्यांशी भांडण झालं, आणि तापानं शिपाई पटापट मेले. त्याचा पुतण्या एल्ड्रेड पॉटिंजर, ज्यानं १८३७-३८ मध्ये हेरातच्या वेढ्यात नाव कमावलं आणि काबूलच्या संहारातून वाचला, तो काकाला भेटायला हाँगकाँगला आला आणि १५ नोव्हेंबर १८४३ ला त्याच तापानं वारला. तुमच्या रस्त्याला पॉटिंजर हे नाव मिळालं ते १८५८ मध्ये, तेव्हा हेन्रीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिथले लोक त्याला दगडी फरशांचा रस्ता म्हणतात, आणि मला तेच नाव बरं वाटतं.

पुढचं लवकर संपतं. १८४७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपचा गव्हर्नर, तेही हिंदुस्थानातली जागा मिळेपर्यंतचा थांबा म्हणून. तिथे खोसा लोकांविरुद्धची लढाई चालू होती, त्यात तो कठोर वागला आणि वर्ष संपायच्या आत निघाला. मग १८४८ ते १८५४ मद्रासचा गव्हर्नर. त्या काळात गोदावरीवरचं धवळेश्वरमचं धरण पुरं झालं, पण ते काम आर्थर कॉटनचं. पॉटिंजर थकला होता, वयही झालं होतं. तमिळ-तेलुगू मुलखात त्याला नव्यानं काही ऐकून घ्यायची उमेद उरली नव्हती, असं मला वाटतं. १८ मार्च १८५६ ला माल्टाला त्याचा मृत्यू झाला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्याला कधी काही वाटलं का. एकदा वाटलं, आणि ते त्यानं सांगितलं. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरनं मियानी आणि दब्बो इथे मीरांच्या फौजा मोडून सिंध खालसा केलं. पॉटिंजर तेव्हा चीनकडे होता. त्यानं एका पत्रात लिहिलं, की कुठल्याही खुलाशानं वा युक्तिवादानं आपल्या वचनावर आणि इभ्रतीवर पडलेला हा डाग पुसणार नाही. हे पत्र १८४४ च्या जानेवारीत लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. कंपनीच्या नोकरीत वाढलेल्या माणसानं उघडपणे असं म्हणणं सोपं नव्हतं. चेनक्यांगबद्दल त्यानं असं काही म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. सिंधचं दुःख त्याला झालं कारण तिथल्या कलमांवर त्याची स्वतःची सही होती, आणि ते मीर त्याला नावानं, चेहऱ्यानं, बोलण्यानं ठाऊक होते.

त्या मीरांचं काय झालं ते आपल्याच दारात घडलं, आणि फार थोड्यांना माहीत आहे. हैदराबादच्या मीरांना कैदी करून मुंबईला आणलं, नंतर सासवडला ठेवलं, मग बंगालकडे हलवलं. खैरपूरचा म्हातारा मीर रुस्तम खान, ज्यानं ४ एप्रिल १८३२ ला पॉटिंजरच्या समोर तहावर शिक्का उठवला होता, तो कैदेतच १८४६ मध्ये पुण्यात वारला.